प्रदूषणाची चौकशी सुरू झाली, तर गप्प राहण्याचा हक्क कोणाला?

एमआयडीसीतला एखादा रासायनिक कारखाना. बाहेरच्या नाल्यात रंगीत पाणी दिसल्याची तक्रार येते आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पथक गेटवर पोहोचते. मालक शहरात असतो. प्रश्न विचारला जातो तो सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवणाऱ्या ऑपरेटरला : 'रात्री प्लांट बंद होता का?' त्याने उत्तर द्यायलाच हवे का?

राज्यघटना काय सांगते?

कलम २०(३) नुसार, गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यक्तीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. कळीचा शब्द आहे 'आरोप'. राजा नारायणलाल बन्सीलाल प्रकरणात १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कंपनी कायद्याखालील निरीक्षकाच्या चौकशीत औपचारिक आरोप नसल्याने हे संरक्षण मिळत नाही. हेच सूत्र पर्यावरणाच्या तपासणीला लावले, तर ऑपरेटरच्या हाती फारसे काही उरत नाही.

नमुने आणि रजिस्टरचे काय?

तिथे गप्प राहण्याचा प्रश्नच येत नाही. १९६१ मध्ये काथी कालू ओघड खटल्यात ११ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हस्ताक्षर किंवा बोटांचे ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, असे ठरवले. सांडपाण्याचा नमुना तर माणसाच्या शरीराचाही भाग नाही. १९७४ च्या जल कायद्यातील कलम २१ आणि २३ मंडळाला नमुने घेण्याचे, आवारात शिरण्याचे आणि नोंदी तपासण्याचे अधिकार देतात.

कंपनी गप्प राहू शकते?

ऑस्ट्रेलियात कॅल्टेक्स कंपनीने हा प्रयत्न केला होता. समुद्रात प्रदूषित सांडपाणी सोडल्याच्या खटल्यात तिच्याकडे कागदपत्रे मागितली गेली. कंपनीला असा हक्क नाही, असे तिथल्या उच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी ठरवले. ते योग्यच होते. गप्प राहण्याचा हक्क माणसाला छळापासून वाचवण्यासाठी आहे. नदीत काय सोडले ते लपवण्यासाठी नाही.

मग अडचण कुठे आहे?

जनविश्वास कायद्यानंतर, १ एप्रिल २०२४ पासून, पर्यावरण संरक्षण कायद्याच्या बहुतांश उल्लंघनांसाठी तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आहे. दंडाच्या कारवाईत 'आरोपी' नसतो, म्हणून कलम २०(३) चा आधारही नसतो. पण दुर्घटना घडली, कोणी दगावले, तर त्याच घटनेत भारतीय न्याय संहितेखाली फौजदारी गुन्हा दाखल होऊ शकतो. पोलिसांसमोर त्याच ऑपरेटरला नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८० सांगते, की स्वतःला गुन्ह्यात अडकवणारे उत्तर देणे बंधनकारक नाही. पण मंडळाच्या पथकासमोर तो आधीच सगळे बोलून बसलेला असतो.

तोडगा काय?

पथकाने प्रश्न विचारण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी द्याव्यात : ही चौकशी कोणत्या कलमाखाली आहे आणि उत्तर देणे बंधनकारक आहे का. सक्तीने घेतलेले उत्तर त्याच व्यक्तीविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरता येणार नाही, अशी तरतूदही कायद्यात हवी. कंपनीविरुद्ध ते खुशाल वापरावे.

नाहीतर प्लांट बंद ठेवायला सांगणारा सुटतो आणि रजिस्टरवर सही करणारा अडकतो.