बाटली आडवी झाली, पुढे?



मतदानाने गावातली बाटली आडवी होते, पिणाऱ्याची तलफ होत नाही. तो शेजारचे गाव गाठतो. भाव पडला म्हणून पिणारा भाव चढल्यावरही पितोच, हे आम्ही जुन्नर-आंबेगावात पाहिले आहे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे काम १९३५ साली अमेरिकेत सुरू झाले. सभेला फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. बोलणारा स्वतः त्यातून उठलेला असतो, उपदेश करीत नाही. जवळची सभा कुठे भरते, ते पुण्याच्या मुक्तांगणात (स्थापना १९८६) विचारावे. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडू नये, झटके येतात. आधी डॉक्टर गाठावा. मंचरच्या बाजाराला जातो तसे दर आठवड्याला सभेला जावे. एकट्याला लाज वाटली तर आमचा कार्यकर्ता दारापर्यंत सोबत येईल.