चुलीला वाय-फाय कशाला?

परवा हापिसातल्या एका मित्राने (देशी, पुण्याचाच, नाव घेत नाही, तो हे वाचतो) मला एक एक्सेल शीट पाठवली. डाव्या रकान्यात नवाकोरा पेलेट स्मोकर, बाराशे डॉलर. उजव्या रकान्यात इथेच अटलांटाच्या उत्तरेला कुणीतरी विकायला काढलेलं आठ वर्षं जुनं बिग ग्रीन एग, चारशे डॉलर. खाली सतरा ओळी. वाय-फाय: आहे, नाही. अ‍ॅप: आहे, नाही. आपोआप तापमान: आहे, नाही. वॉरंटी: तीन वर्षं, शून्य. उजवा रकाना नुसता लालेलाल. आणि खाली प्रश्न, "सांग, काय घेऊ?"

अरे बाबा, उत्तर तू आधीच रंगवून ठेवलं आहेस की! पण विचारलंच आहेस तर सांगतो. जुनं घे. आणि ती शीट डिलीट कर.

ज्यांना या भानगडी माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेच्या दक्षिणेत बार्बेक्यू म्हणजे जाळावर पटापट भाजणं नव्हे. डुकराच्या खांद्याचा तीन-चार किलोचा तुकडा २२५ ते २५० फॅरनहाइटला (म्हणजे ११०-१२० सेल्सियस धरा) दहा-बारा तास धुरात ठेवायचा. त्यातल्या चिवट कोलॅजनचं हळूहळू जिलेटिन होतं आणि मग तो नुसत्या काट्याने सुटतो. सगळा खेळ काय, तर तापमान तासन् तास तिथल्या तिथे धरून ठेवणं.

पेलेट स्मोकर हे काम यंत्राने करतो. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक गोळ्या असतात, मोटरवर फिरणारा एक लांब स्क्रू त्या पुढे ढकलतो, तापणारी कांडी पेटवते, पंखा वारा घालतो, सेन्सर तापमान मोजतो आणि कंट्रोलर ठरवतो की मोटर किती फिरवायची. ओरेगनच्या जो ट्रेगरने १९८०च्या दशकात ही कल्पना बाजारात आणली. झकास कल्पना आहे, नाही कोण म्हणतंय.

एग म्हणजे काय? जाड भिंतीचं, झाकण असलेलं मडकं. खाली एक झडप, वर एक झडप, आत कोळसा. संपलं. खालून जेवढी हवा सोडाल तेवढाच कोळसा जळतो. भिंती उष्णता धरतात म्हणून निखारा थोडका पुरतो, निखारा थोडका म्हणून हवा थोडी लागते, आणि हवा थोडी म्हणून मांसातला ओलावा वाहून जात नाही. पातळ पत्र्याच्या पेटीत याच्या नेमकं उलट. एकदा कोळसा भरून झडपा लावल्या की बारा तास मी बघतसुद्धा नाही. झोपतो.

या जातीच्या भांड्याला कामादो म्हणतात. जपानी शब्द आहे, अर्थ चूल! दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनी ही मडकी घरी आणली, आणि एड फिशर नावाच्या गृहस्थाने १९७४ मध्ये इथे अटलांटातच ती विकायला घेतली. (सोबत पाचिंको नावाची जपानी खेळाची यंत्रंही विकायचा. दोन्हींतलं काय टिकलं बघा.) सुरुवातीची मातीची होती, ती तडकायची, म्हणून पुढे सिरॅमिक आलं. आपला तंदूर तरी वेगळं काय करतो? जाड मातीची भिंत, तळाशी कोळसा, खाली हवेला भोक.

आता मुद्दा. त्या शीटमध्ये सतरा ओळी आहेत, पण 'दहा वर्षांनी काय उरेल' ही ओळ नाही. आणि ती ओळ नसणं हे आपल्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला शोभत नाही. अरे, फीचर म्हणजे काय हे आपण रोज बघतो ना? फीचर म्हणजे बिघडायची आणखी एक जागा. अ‍ॅपच्या मागे सर्व्हर असतो, सर्व्हरच्या मागे बजेट असतं, आणि बजेटच्या मागे एक व्हीपी असतो जो पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत असतो. किती सर्व्हिसेस आपण स्वतःच्या हाताने बंद केल्या आहेत? ज्यांच्या घरी त्या चालू होत्या त्यांना एक ईमेल जातो. तोही बहुधा स्पॅममध्ये.

माझ्या ओळखीत एकाकडे असा स्मोकर होता. ब्रँड सांगत नाही. जॉर्जियाची दमट हवा. गोळ्यांनी ओल धरली, फुगल्या, स्क्रू अडकला. असं दोनदा. ते निस्तरलं. पाचव्या वर्षी कंट्रोलरचा बोर्ड गेला. कंपनीला फोन केला तर म्हणे ते मॉडेल बंद झालं, बोर्ड मिळणार नाही, नवीन स्मोकरवर पंधरा टक्के सूट देतो. पेटी धडधाकट, जाळ्या धडधाकट, मोटरसुद्धा चालू. तळहाताएवढ्या बोर्डापायी सगळं धूड रस्त्याच्या कडेला कचऱ्यात. बाहेरचा कंट्रोलर आणून बसवता येतो, हो, माहीत आहे मला. पण तो बसवायची हौस असलेला माणूस मुळात वाय-फायची चूल घ्यायला जात नाही.

आणि मला राग येतो तो या पैशांचा नाही. इथे आलो तेव्हा आपण सगळ्यांनी पहिली गाडी काय घेतली? सव्वा लाख मैल पळालेली टोयोटा. टेबल, सोफा, मायक्रोवेव्ह, सगळं कुणाचं तरी. तेव्हा आपण गाडीखाली वाकून बघायचो, इंजिनाचा आवाज ऐकायचो, मालकाला चार प्रश्न विचारायचो. पगार वाढला आणि आपण बघणंच सोडून दिलं. आता फक्त स्पेक्स वाचतो आणि 'जुनं' या शब्दाला लाल रंग देतो. वस्तू पारखायची अक्कल होती, ती विकून आपण वॉरंटी विकत घेतली.

वॉरंटीचंही ऐक. सिरॅमिकवर कंपनी आयुष्यभराची वॉरंटी देते, पण ती पहिल्या मालकालाच. म्हणजे तुझं शून्य बरोबर आहे. पण त्यात बिघडतं काय? झाकणाच्या कडेची पट्टी झिजते, तो सुटी मिळणारा स्वस्त भाग आहे, एका दुपारचं काम. आतली फायरबॉक्स तडकू शकते. बरेचदा तडा गेलेली फायरबॉक्ससुद्धा वर्षानुवर्षं काम देते, नाहीतर ती बदलता येते. आपल्याला घाबरायचं ते बाहेरच्या कवचाला. तळाला किंवा झाकणाला आरपार तडा असेल तर फुकट मिळालं तरी उचलू नकोस.

आणि ते बघायला लॅब लागत नाही. आजी कुंभाराकडून माठ घेताना काय करायची? बोटाने वाजवायची. तेच कर. आतलं सगळं बाहेर काढून कवच जागोजागी वाजव. खणखणीत ठीक, भद्द आवाज आला की तिथे बोट फिरवून बघ. संध्याकाळी जा, आत टॉर्च ठेवून झाकण लाव, कुठून उजेड फुटतो ते बघ. कडेत डॉलरची नोट अडकवून ओढ, सहज सुटली तर पट्टी गेली आहे, पन्नास डॉलर कमी माग. थर्मामीटर उकळत्या पाण्यात घाल, २१२ दाखवायला हवं. आणि नाकाने वास घे. पेटवायचं रॉकेल ओतणाऱ्याचं एग घेऊ नये, सिरॅमिक तो वास पिऊन बसतं.

आता त्रास सांगतो, नाहीतर म्हणशील सेल्समन झालाय. एगचं तापमान एकदा वर गेलं की लवकर खाली येत नाही. भिंतीच तापलेल्या, करणार काय. पहिल्या महिन्यात माझी दोन कोंबड्यांची कोळशात भर पडली. कडक तापलेलं असताना झाकण एकदम उघडलं तर आत हवा घुसून भडका उडतो. माझ्या उजव्या हातावरचे केस सहा आठवडे नव्हते. आधी दोन इंच उघडून थांबायचं, हे मग कळलं. पंचवीस माणसांचं मांस एकदम करायचं असेल तर जागा कमी पडते. आणि अपार्टमेंटमध्ये राहत असशील तर विषयच संपला, बहुतेक ठिकाणी बाल्कनीत कोळसा पेटवू देत नाहीत. नवंच हवं असा हट्ट असेल तर वेबरचा स्मोकी माउंटन घे, १९८१पासून तसाच आहे, पत्र्याचा उभा नळकांडा, एकही वायर नाही. त्याच्याशी माझं भांडण नाही.

पण त्या पेटीत तू वांग्याचं भरीत करून दाखव. खानदेशात तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजतात, तशी थेट निखाऱ्यावर. बरेचसे पेलेट स्मोकर पाचशे फॅरनहाइटला दमतात आणि आत निखारा असा नसतोच. एग सातशेपर्यंत जातं, दगड ठेवला की नानसुद्धा होतात. तुझ्या घरी निम्मी मंडळी शाकाहारी, ही ओळ शीटमध्ये घातली होतीस का?

असो. काल मी त्या एगवाल्या काकांना फोन केला. मुलीकडे फ्लोरिडाला चाललेत, म्हणून विकतायत. अजून गेलेलं नाही. वजन सत्तर किलोच्या वर आहे, बिजागरी धरून उचलायचं नाही, दोन माणसं लागतील. शनिवारी सकाळी मी मोकळा आहे. गाडीत घालायला दोन जुन्या गोधड्या आण, आणि टॉर्च.