इंजिनाची नाडी

बिघडलेल्या यंत्रापुढे माणसांचे दोन वर्ग पडतात. एक हात जोडून उभा राहतो, दुसरा पाना घेऊन धावतो. पहिल्याचे काम अडते. दुसऱ्याचे अडते आणि वर बिलही होते. आपला जुना वैद्य या दोघांहून शहाणा. तो आधी नाडी पाही, काल काय खाल्ले ते विचारी आणि मगच बटवा सोडी. डिझेल इंजिनाचे दुखणे ओळखायला हीच रीत उपयोगी पडते.

सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावर मोडनिंब आहे. मुलूख कमी पावसाचा, भिस्त विहिरीवर. पूर्वी बैल मोट ओढीत. पुढे लिस्टर, पीटर अशी विलायती इंजिने आली आणि १९४६ साली स्थापन झालेल्या खडकीच्या किर्लोस्कर कारखान्याची देशी इंजिनेही आली. आता बहुतेक विहिरींवर विजेची मोटर असते. पण वीज गेली की शेडच्या कोपऱ्यातल्या जुन्या इंजिनाची आठवण होते.

कोकणच्या मचव्यांतही स्वातंत्र्यानंतर इंजिने बसू लागली. ज्याने शीड ठेवले होते, त्या तांडेलाला इंजिन रुसले तरी किनारा गाठता येई. विहिरीवरचे शीड म्हणजे मोट. ती गेली, तिचे बैलही गेले. तेव्हा कांद्याचे वाफे सुकत असताना इंजिन अडले, तर त्याचे दुखणे त्याच दिवशी कळायला हवे. दिवाळीला गावी जाणाऱ्या मंडळींनीही ही नाडीपरीक्षा शिकून घ्यावी.

रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन १८९७ साली जर्मनीत यशस्वी ठरले. त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची, की ती तापून तिच्यात फवारलेले तेल आपोआप पेट घेईल. म्हणजे हवा, तेल आणि दाब या तीनच गोष्टी पाहायच्या.

पहिला प्रश्न तेलाचा. टाकीत तेल आहे, कॉकही उघडा आहे ना? मग दाब सोडणारा लिव्हर उचलून हँडल फिरवा आणि कान द्या. (हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, उलटा झटका बसला तर मनगट वाचते.) नोझलमधून ‘कुर्र’ असा आवाज आला, तर तेल पोचते आहे. आवाज नसेल तर फिल्टर तुंबला असेल, डिझेलात पाणी असेल किंवा नळीत हवा शिरली असेल. टाकी एकदा कोरडी पडली, की नंतर काठोकाठ भरली तरी इंजिन हलत नाही, ते या हवेमुळे. फिल्टरजवळचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा. बुडबुडे थांबून नुसते तेल येऊ लागले, की घट्ट करावा.

दुसरा प्रश्न दाबाचा. लिव्हर खाली करून हँडल हळू फिरवा. निरोगी इंजिन स्प्रिंगसारखे हात मागे ढकलते. हात सहज पुढे गेला, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत.

इंजिन चालू झाले, की धूर पाहा. काळा धूर म्हणजे तेल जास्त, हवा कमी. आधी एअर क्लीनर उघडा. निळा धूर म्हणजे वंगण जळते आहे. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला थोडा येतोच. गरम झाल्यावरही राहिला, तर तेल अर्धवट जळते आहे किंवा आत पाणी शिरते आहे.

शेवटचा प्रश्न तापाचा. मचव्यात थंडाव्याचे पाणी समुद्रातून येते, विहिरीवर बहुधा पंपाच्या नळातून. तिथे शेवाळ अडकते, इथे गाळ. बारीक नळी साफ केली तर पुष्कळदा ताप उतरतो.

एक गोष्ट मात्र मुलांनाही सांगून ठेवा. पंप व्यवहारात सहा-सात मीटरांपलीकडून पाणी ओढू शकत नाही. म्हणून पाणी खाली गेले, की काही जण इंजिनच विहिरीत उतरवतात. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो विहिरीत साठतो आणि माणूस हाक न मारता कोसळतो. चालू इंजिनाजवळ खाली उतरू नये, बंद केल्यावरही लगेच उतरू नये. कुणी खाली पडलाच, तर त्याच्यामागे उडी टाकू नये. दोराने वर ओढावे, मदत बोलवावी. बंदिस्त मचव्यातही धोका हाच.

एवढे करून मिस्त्रीला जरूर बोलवा. पण ‘इंजिन चालत नाही’ एवढाच निरोप धाडू नका. ‘कुर्र वाजते, दाब आहे, धूर पांढरा येतो’ असे सांगा. मग तो येतानाच योग्य भाग घेऊन येईल, एक खेप वाचेल आणि पाणी त्याच दिवशी पाटाला लागेल.