न पाहिलेले गोल

आमच्या हुबळी-धारवाडच्या मराठी मंडळींना फुटबॉलची आठवण झाली की ती थेट मेलबर्नला जाऊन पोहोचते. गिरमिट आलं, मिरची भजी आली, की पहिलं नाव नेव्हिल डिसोझाचं. मग चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी, जर्नेलसिंग, थंगराज. 2024 साली ‘मैदान’ चित्रपट आला आणि प्रशिक्षक रहीमसाहेबांचंही नाव त्या यादीत चढलं. “तसे खेळाडू आता होणे नाही,” असा निकाल देऊन मंडळी चहा मागवतात.

माझं भांडण या निकालाशी आहे, आणि स्पष्टच सांगायचं तर तो देणाऱ्यांशीही आहे.

ते खेळाडू मोठे होते, यात वाद नाही. 1 डिसेंबर 1956 रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिलने ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले, भारत 4-2 असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. 1962च्या सप्टेंबरात जकार्ताला आपण दक्षिण कोरियाला 2-1 हरवून आशियाई सुवर्णपदक आणलं; डोक्याला टाके पडलेला जर्नेलसिंग बचावफळी सोडून आघाडीला खेळला आणि त्याने गोल केला. सगळं खरं. पण महाराज, हे तुम्ही पाहिलंत कुठे? हे गोल आपण वाचले, नाहीतर वडिलांच्या तोंडून ऐकले. ऐकीव गोष्ट चार वेळा सांगितली की पाहिल्यासारखी वाटू लागते. अनवाणी खेळू देत नाहीत म्हणून भारत 1950च्या विश्वचषकाला गेला नाही, ही कथा अशीच. तेव्हाचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीच पुढे ती खोडून काढली; आमच्या कट्ट्यावर मात्र ती अजून ठणठणीत आहे.

आता जरा दुखऱ्या जागेकडे येतो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. नेव्हिलची हॅट्ट्रिक झाली ती त्यानंतर बरोबर एक महिन्याने. मूळ गोव्याचा, मुंबईत खेळणारा हा गडी महिन्यापूर्वीपर्यंत ‘आपल्या राज्याचा’ होता. नकाशा बदलला तरी आमच्या वडीलधाऱ्यांनी त्याला सोडलं नाही, आणि ते योग्यच केलं. पण मग सारंगपाणी रामन यादीतून का गळला? 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध आपण दोन पेनल्टी वाया घालवून 1-2 असे हरलो. त्या सामन्यातला आपला एकुलता गोल बंगळूरच्या या रामनचा, आणि स्वतंत्र भारताचा तो पहिला आंतरराष्ट्रीय गोल. म्हैसूरने 1967-68 आणि 1968-69 अशी लागोपाठ दोन वर्षं संतोष ट्रॉफी जिंकली. त्यानंतर तब्बल 54 वर्षांनी, 4 मार्च 2023 रोजी, कर्नाटकने रियाधला मेघालयाचा 3-2 असा पराभव करून ती परत आणली. कट्ट्यावर हे काढा, शांतता पसरते. कोणीतरी म्हणतो, “ते त्यांचं.”

त्यांचं म्हणजे कोणाचं हो? रेशनकार्ड इथलं, पोरं शाळेत कन्नड शिकतात, घरातलं भांडणसुद्धा निम्मं कन्नडमध्ये होतं. फक्त संतोष ट्रॉफी तेवढी त्यांची? हाच प्रश्न मी माझ्या कन्नड मित्रांनाही विचारतो. घाट उतरलं की गोवा, पण 2022 साली पद्मश्री मिळालेला गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर त्यांच्या लेखी परमुलखातला. जमाखर्च दोन्ही घरांत असाच चालतो.

कोल्हापूरकर या बाबतीत आमच्यापेक्षा शहाणे. तिथे आठवण तालमीला बांधलेली असते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार. शाहू स्टेडियमवर आजोबा जुन्या खेळाडूची गोष्ट सांगतात ती समोर त्याच तालमीचा संघ पळत असताना. 2017च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच कोल्हापूरचा. आमच्याकडे “आता होणे नाही” म्हणणाऱ्यांपैकी गेल्या दहा वर्षांत मैदानावर किती जण गेले, एकदा मोजा. रविवारी सकाळी पोरं खेळत असतात. बघायला असतो तो त्यांचाच एखादा राखीव गडी.

आमच्याकडे तालीम नव्हती, पण रेल्वे होती. सदर्न मराठा रेल्वेने हुबळीत वर्कशॉप उभं केलं ते 1880च्या दशकात, आणि त्यापाठोपाठ इथे माणसं आली ती नाना मुलखांची. माझ्या लहानपणी संध्याकाळी भोंगा झाला की मैदानावर अँग्लो-इंडियन फायरमन, तमिळ फिटर, मराठी कारकून आणि कन्नड खलाशी एकाच संघात उतरत. पास मागायचा कन्नडमध्ये, शिवी मराठीत, आणि रेफ्रीशी हुज्जत इंग्रजीत. त्यातला एक लेफ्ट-आऊट मी स्वतः पाहिला. कॅन्व्हासचे फाटके बूट घालून तो कॉर्नर असा मारी, की चेंडू पहिल्या खांबाला वळसा घालून आत येई आणि गोलकीपर हात वर करून नुसता फिरत राही. त्याला सगळे ‘फिटर’ म्हणत. खरं नाव? कट्ट्यावर विचारून पाहिलं, एकालाही सांगता येईना. नेव्हिलच्या गोलांची तारीख मात्र प्रत्येकाला पाठ! नेव्हिलची आठवण जपायला जग बसलंय. तो आपल्यावाचून अडलेला नाही. फिटरचं आपल्यावाचून अडलंय. ती माणसं खेळली तो मजकूर कुठल्याच पुस्तकात नाही, असलाच तर ऐंशीच्या घरातल्या पाच-सात डोक्यांत आहे, आणि ती डोकी दर दिवाळीला कमी होताहेत.

माझ्याकडे त्या संघाचा एक फोटो आहे. मागे पेन्सिलीने कन्नडमध्ये लिहिलेली नावं, निम्मी पुसलेली. अकरापैकी पाच मला ओळखता येतात. पुढच्या रांगेत डावीकडे, घोट्याला पट्टी बांधून मांडी घातलेला मुलगा कोण, आणि फिटरचं नाव काय, हे ज्यांना ठाऊक असेल त्यांनी या अंकाच्या पत्त्यावर कळवावं. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा.