पडदा उजळ, कागद मंद

घरांतील वडील माणसांचें छायाचित्र मोठें करून चौकटींत बसवावें व दिवाणखान्याच्या भिंतीवर लावावें, ही चाल आपल्याकडे जुनी आहे. पूर्वीं त्यासाठीं छायाचित्रकाराच्या दुकानीं जावें लागे व तो देईल तें चित्र मुकाट्यानें घ्यावें लागे. आतां चित्र आधीं संगणकाच्या पडद्यावर उमटतें, घरांतील चार माणसें तें पाहून संतोष व्यक्त करितात, आणि मग तें छापावयास जातें. छापून आलें कीं मात्र तो संतोष टिकत नाहीं. आजीबाईंचा चेहरा काळवंडलेला दिसतो, त्यांच्या हिरव्या लुगड्याचा रंग उतरलेला भासतो, आणि छापणाऱ्यानें चित्र बिघडविलें असा निर्णय घरांत एकमुखानें होतो. हा निर्णय बहुतेक वेळां अन्यायाचा असतो. तो कसा, हें आज थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

पडदा हा दिवा आहे. कागद हा दिवा नव्हे. पडदा स्वतः प्रकाश देतो. कागद दुसऱ्याकडून मिळालेला प्रकाश परत करितो, आणि तोहि सगळा नव्हे. पडद्यावर तांबडा, हिरवा व निळा असे तीन प्रकाश एकत्र मिळाले म्हणजे पांढरा होतो. तेथें रंगाची बेरीज चालते. कागदावर वजाबाकी चालते. आकाशी, किरमिजी, पिवळी व काळी या शाया कागदाच्या शुभ्रतेंतून थोडाथोडा प्रकाश गिळीत जातात व उरलेला आपल्या डोळ्यांस रंग म्हणून दिसतो. त्यामुळें पडद्यावरील कांहीं झगझगीत हिरवे व निळे रंग शाईला गांठतांच येत नाहींत. यंत्र त्यांच्या शेजारचा रंग निवडून वेळ निभावून नेतें. लुगड्याची छटा बदलते ती बहुधा याच कारणानें.

काळवंडण्याचें कारण निराळें आहे व त्यासाठीं थोडें गणित करावें लागेल. वस्तूवर पडणारा प्रकाश लक्स या मापानें मोजतात, आणि पृष्ठभागाचें तेज दर चौरस मीटरास किती कँडेला, असें सांगतात. कागदावर ३०० लक्स प्रकाश पडला व कागदानें त्यांतील शेंकडा ९० भाग परत केला, तर त्याच्या पांढऱ्या भागाचें तेज सुमारें ८६ कँडेला भरतें. सायंकाळीं खोलींतील प्रकाश १०० लक्सवर आला कीं तेंच तेज २९ वर येतें. उलटपक्षीं, नवा पडदा पूर्ण तेजावर ठेविला असतां २५० ते ३५० कँडेला सहज देतो. म्हणजे एकाच चित्राचा पांढरा भाग पडद्यावर कागदाच्या तिप्पट, चौपट, प्रसंगीं दसपट उजळ असतो. अशा पडद्यावर चित्र दुरुस्त करावयास बसलेल्या मनुष्याला तें फार उजळ वाटतें व तो तें आणखी गडद करितो. छापणारें यंत्र त्याची आज्ञा निमूटपणें पाळतें. मग दोष कोणाचा?

याचा उपाय चित्र उजळ करणें हा नसून दिवा बारीक करणें हा आहे. छपाईच्या कामासाठीं पडद्याचें तेज साधारणतः ८० ते १२० कँडेलांच्या दरम्यान ठेवितात. हातीं उपकरण नसल्यास पुढील युक्ति करून पाहावी. ज्या प्रकाशांत छापील चित्र पाहावयाचें त्या प्रकाशांत एक कोरा पांढरा कागद पडद्याशेजारीं धरावा, पडद्यावरहि कोरें पांढरें पान उघडावें, आणि दोघांची शुभ्रता सारखी दिसेपर्यंत पडद्याचें तेज कमी करीत जावें. तेज आपोआप कमीजास्त करणारी व रात्रीं पडदा पिवळसर करणारी सोय प्रथम बंद करावी, नाहींतर केलेलें सर्व कार्य फुकट जाईल. पहिले दोनचार दिवस पडदा निस्तेज वाटेल. डोळा लवकरच सरावतो.

पांढऱ्यापांढऱ्यांतहि भेद आहे. पडद्याचा पांढरा बहुधा ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे किंचित् निळसर असतो. छपाईच्या धंद्यांत ५००० केल्व्हिनचा पांढरा प्रमाण मानितात. आणि आपल्या घरांतील पिवळसर दिवे ३००० किंवा त्याहून खालीं असतात. एकच चित्र खिडकीपाशीं एक व दिव्याखालीं दुसरें दिसलें, तर त्यांत नवल नाहीं. आंतरराष्ट्रीय प्रमाणांत काटेकोर तुलनेसाठीं २००० लक्स व नेहमींच्या पाहणीसाठीं ५०० लक्स प्रकाश सांगितला आहे. घरीं इतकी व्यवस्था कोण करणार? परंतु चित्र जेथें टांगावयाचें तेथील प्रकाशांतच त्याची परीक्षा करावी, आणि तेथें चांगल्या प्रतीचा दिवा लावावा, एवढें तर कोणासहि करतां येईल.

ज्यांना अधिक खोलांत जावयाचें असेल त्यांच्यासाठीं कलरिमीटर नांवाचें लहानसें उपकरण मिळतें. तें पडद्यावर ठेवून त्याचे रंग मोजतां येतात व त्या मापांवरून पडद्याचें टिपण, ज्यास प्रोफाइल म्हणतात, तयार होतें. निरनिराळ्या यंत्रांना अशा टिपणांची भाषा एक असावी म्हणून १९९३ सालीं आठ कंपन्यांनीं मिळून एक मंडळ स्थापन केलें. इतरांनीं मात्र दुकानदाराला दोनच गोष्टी विचाराव्या : चित्र कोणत्या रंगपद्धतींत पाठवावें, आणि यंत्राची आपोआप होणारी दुरुस्ती बंद करतां येईल काय. बहुतेक ठिकाणीं १९९६ सालीं निघालेली एसआरजीबी ही पद्धति चालते. मोठी प्रत काढण्यापूर्वीं त्याच कागदावर एक लहान प्रत काढून घ्यावी. तिचा खर्च अल्प व उपयोग मोठा.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट बोलणें आम्हांस अवश्य वाटतें. छापील चेहरा सांवळा दिसला कीं "जरा गोरा करा" अशी सूचना दुकानांत सुशिक्षित घरांतूनहि येते. येथें दोन गोष्टींची गल्लत होते. प्रकाशाच्या कमतरतेनें आलेला काळेपणा हा दोष आहे व तो वर सांगितलेल्या उपायांनीं जातो. जन्मतः असलेला सांवळा वर्ण हा दोष नव्हे, आणि त्यावर उपाय शोधणें म्हणजे त्या माणसाला पुसून टाकणें होय. पडदे दर पांचसात वर्षांनीं बदलतात. भिंतीवरील चित्र पुढच्या पिढीपर्यंत टिकतें. ज्या नातवंडांनीं आजीला पाहिलेंच नाहीं, त्यांच्यापुढें तेवढाच एक साक्षीदार उरणार आहे. दिवा बारीक करावा, कागदाला पुरेसा उजेड द्यावा, आणि त्या साक्षीदाराला खरें बोलूं द्यावें.