वल्ह्याची पहिली इयत्ता

गेल्या वर्षी डॉक्टरांनी रक्तातली साखर काठावर आल्याचे सांगितले आणि मी घाटकोपरच्या एका जिममध्ये दुपारच्या लेडीज बॅचला नाव घातले. ट्रेडमिलसाठी रांग असायची, कोपऱ्यातले रोइंग मशीन मात्र रिकामे. ट्रेनरने पहिल्याच दिवशी चाकाजवळचा खटका १० वर ठेवला आणि रोज पूर्ण जोर लावायला सांगितले. अकराव्या दिवशी कंबर धरली. महिनाभर तिकडे फिरकले नाही.

तेव्हा वाटले, आपलाच आळस. आता म्हणते, आराखडाच चुकीचा होता. बी.एड.ला पहिला धडा असतो: सोप्याकडून कठीणाकडे. पहिलीच्या मुलाला आपण दहावीचा पेपर देतो का?

त्या खटक्याला डॅम्पर म्हणतात. १० वर ठेवला की जड नाव ओढल्यासारखे होते, एवढेच. नवशिक्याला ३ ते ५ पुरे. जोर आधी पायांचा, मग पाठ, शेवटी हात. परतताना उलट क्रम. हे अंगवळणी पडेपर्यंत वेगाचे नाव काढू नये. वल्हवताना एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. नाही आले, तर वेग कमी करावा.

पीट मार्स्टन यांचा नवशिक्यांसाठीचा २४ आठवड्यांचा आराखडा अनेक जण वापरतात. त्यात आठवड्याला तीन सत्रे मुख्य आणि दोन ऐच्छिक. ही ऐच्छिकची सोय मला फार आवडली. पण त्याची सुरुवातच ५००० मीटरने होते. मी आधी महिनाभर १०-१५ मिनिटेच वल्हवले, मग तो हाती घेतला.

कुणी म्हणेल, आपल्या दत्तू भोकनळचे काय? नाशिकच्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा २०१२ मध्ये सैन्यात गेला, तिथे वल्हे हातात घेतले आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. अभिमान वाटतोच. पण वडिलांबरोबर विहिरी खोदून त्याचे शरीर आधीच घडले होते, आणि दिवसाला सैन्याची शिस्त होती. आपल्याकडे लोकलची गर्दी, तपासायच्या वह्या आणि चुलीवरचे दूध आहे.

म्हणून माझे मत असे: आपल्या सर्वांत वाईट आठवड्यात निभेल तोच आराखडा निवडावा. परीक्षेचा आठवडा, पाहुण्यांचा आठवडा, रमजान. रमजानमध्ये मी इफ्तारनंतर आठवड्यातून दोनदा, तेही हळू वल्हवले. आराखडा महिनाभर पुढे सरकला, मोडला नाही. शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतील, त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

५००० मीटरला मला अजून अर्धा तास लागतो. शेजारची मुलगी २२ मिनिटांत संपवते. लागू द्या. कंबर शाबूत आहे, आणि सोमवारी मी पुन्हा जाणार आहे.