खतन्याआधी नानीला विचारा
बाळाच्या खतन्याचा दिवस ठरवण्याआधी नानीला विचारा : मामांपैकी कुणाचे रक्त लवकर थांबत नसे का?

जखम होताच प्लेटलेट पेशी आपल्या आवरणातली आतली चरबी बाहेरच्या बाजूला आणतात. तिच्यावर कॅल्शियमच्या आधाराने रक्त गोठवणारी प्रथिने बसतात आणि गुठळी धरते. हिमोफिलियात त्यांपैकी आठवे किंवा नववे प्रथिन अपुरे असते. बैठक तयार, कारागीर गैरहजर. हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो.

शंका असेल तर ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात आधी दाखवा. कमी असलेले प्रथिन इंजेक्शनने देऊन, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली खतना करता येतो. घरात पूर्वी कुणाला नसतानाही हा आजार होतो. म्हणून खतन्यानंतर रक्त झिरपत राहिले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.